टोइंगच्या गाडीचे आतले टायर आधी का जातात, आणि नवे घेताना काय बघायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: व्हील लिफ्टवाली (म्हणजे बंद गाडीची दोन चाकं उचलून तिला ओढणारी) टोइंगची गाडी, मागे दोन्ही बाजूंना डबल टायर, साइज २२५/७० आर १९.५, बारा प्लाय (प्लाय म्हणजे टायरच्या भक्कमपणाचा दर्जा). मागचे चारही टायर एकाच दिवशी नवे टाकले. नऊ महिन्यांत आतले दोन गेले, त्यातला एक तर चालत्या गाडीत फुटला. बाहेरचे दोन अजून बरे दिसतात. आता तुम्हाला जाणून घ्यायचंय की चौदा प्लायचे, खोल नक्षीचे टायर घेतले तर टिकतील का, फक्त आतले दोन बदलून भागेल का, आणि रिमोल्ड (जुन्या टायरवर नवी नक्षी चढवलेले) टाकावेत का.

मी बावीस वर्षं टोइंगच्या गाड्या चालवतोय, आणि आमच्या गाड्यांचे टायर काढणं-बसवणं मी स्वतः बघतो. टायर कोणत्या कंपनीचा घ्यावा हे मी सांगणार नाही. एकाच कंपनीचा, एकाच नक्षीचा टायर आमच्या एका गाडीवर तीन वर्षं चाललाय आणि दुसरीवर वर्षाच्या आत गेलाय. तुमच्या प्रश्नात खरी माहिती एकाच वाक्यात आहे: आतले गेले, बाहेरचे राहिले. माल खराब असता तर चारही टायर थोड्याफार फरकाने सोबतच गेले असते. आतलेच जातात तेव्हा दोष बहुतेक वेळा हवेत, वजनात नाहीतर जोडी जुळवण्यात असतो. तो तसाच राहिला तर महागातले महाग टायरही नऊ महिन्यांतच जातील.

अर्थात काही गोष्टी तुमच्या कामावर अवलंबून आहेत. तुम्ही बहुतेक शहरात लहान गाड्या उचलता की हायवेवर भरलेल्या व्हॅन ओढता, रस्ता सोडून मातीत उतरावं लागतं का, दिवसाला किती किलोमीटर होतात, गाडी उन्हात किती वेळ उभी असते, यावर नक्षीची निवड बदलते. वजन आणि हवेचा हिशेब मात्र सगळ्यांना सारखाच.

आधी वजन. अनेकांचा समज असा की एक टन उचललं म्हणजे मागच्या एक्सलवर एक टन वाढलं. तसं होत नाही. उचललेलं वजन मागच्या एक्सलच्याही मागे लटकत असतं, म्हणून मागचा एक्सल टेकू होतो आणि गाडीचं तोंड वर उचललं जातं. समजा तुमच्या गाडीचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या एक्सलमधलं अंतर) ४.२ मीटर आहे आणि लिफ्टवर चाकं टेकतात ती जागा मागच्या एक्सलपासून २.१ मीटर मागे आहे. लिफ्टवर १,००० किलो आलं, तर पुढच्या एक्सलवरून ५०० किलो कमी होतं आणि मागच्यावर १,५०० किलो वाढतं. १,५०० किलो उचललं तर मागे २,२५० किलो वाढतं. रिकाम्या गाडीचं मागचं वजन २,८०० किलो धरलं, तर ते आता ५,०५० झालं. गाडी पूर्ण वर घेऊन जाणाऱ्या फ्लॅटबेडचा हिशेब वेगळा, कारण तिथे बरंचसं वजन दोन एक्सलांच्या मध्ये येतं. व्हील लिफ्टवाल्याने मात्र हा तरफेचा हिशेब पाठ करून ठेवावा.

म्हणून टायर घेण्याआधी गाडी वजनकाट्यावर न्या. एकदा रिकामी, आणि एकदा तुम्ही नेहमी उचलता त्यातली सर्वांत जड गाडी लावून. दोन्ही वेळा पुढचा आणि मागचा एक्सल वेगवेगळा तोला. शक्य असेल तर मागची डावी आणि उजवी बाजूही वेगळी तोला, कारण टूलबॉक्स, साखळ्या, जॅक आणि डिझेलची टाकी एकाच बाजूला असेल तर त्या बाजूचे टायर कायम जास्त ओझं वाहतात. आमच्या एका गाडीत सगळं जड सामान डाव्या पेटीत होतं, आणि टायरही डावीकडचेच आधी जायचे. सामान दोन्ही पेट्यांत वाटून ठेवल्यावर तो फरक बराच कमी झाला.

आता टायरच्या बाजूवरचे आकडे. बारा प्लायच्या तुमच्या साइजवर साधारणपणे १२५/१२३ असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा टायर एकटा असतानाचा, दुसरा जोडीत असतानाचा. १२५ म्हणजे १,६५० किलो, १२३ म्हणजे १,५५० किलो. चौदा प्लायवर १२८/१२६ असतं, म्हणजे एकट्याला १,८०० आणि जोडीत १,७००. जोडीत क्षमता कमी धरतात कारण दोन टायर कधीच बरोबर निम्मं-निम्मं ओझं घेत नाहीत. मागच्या टायरसाठी तुम्ही कायम दुसरा आकडा बघायचा. तुमचे बारा प्लायचे चार टायर मिळून ६,२०० किलोला पुरतात, म्हणजे वरच्या ५,०५० च्या उदाहरणात तेही पुरे आहेत. मग तुमचा टायर का फुटला?

कारण ही क्षमता टायरवर लिहिलेल्या पूर्ण हवेला असते. बारा प्लायला ती साधारण ९५ पीएसआय, चौदा प्लायला ११०. आणि इथेच बरेच जण फसतात: एकाच साइजच्या बारा प्लाय आणि चौदा प्लाय टायरमध्ये ९५ पीएसआय भरली, तर दोघेही सारखंच वजन उचलतात. चौदा प्लायमुळे फक्त आणखी हवा भरायची सोय होते. ती वरची हवा तुम्ही भरलीच नाही, तर ओझ्याच्या बाबतीत जास्तीच्या प्लायचे पैसे वाया गेले. भरायची असेल तर रिमवर कोरलेली कमाल हवा आधी वाचा. रिम ९५ चीच असेल तर चौदा प्लाय घेऊनही तुम्हाला ९५ वरच थांबावं लागेल.

तरीही टोइंगसाठी मी चौदा प्लायच घेतो. एक तर जड गाडी लागली की हाताशी थोडी क्षमता उरते. दुसरं, अपघाताच्या जागी काचा, पत्र्याचे तुकडे, फुटपाथची कड यांच्यातून जाताना भक्कम केसिंग (नक्षीखालचा टायरचा सांगाडा) उपयोगी पडतं. पण चौदा प्लाय घेतल्याने आतला टायर वाचेल, ही आशा धरू नका.

आतल्या टायरचं दुखणं समजून घ्या. रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो, त्यामुळे आतल्या टायरवर ओझं जास्त येतं. ब्रेकची उष्णता आधी त्यालाच लागते. त्याला वारा कमी मिळतो. शिवाय त्याचा व्हॉल्व्ह हाताला येत नाही, म्हणून हवा बघणारा माणूस बाहेरचा टायर बघतो आणि आतल्याला पायाने लाथ मारून ‘आहे’ म्हणतो. जोडीतला टायर हवा उतरली तरी बसलेला दिसत नाही, बाहेरचा त्याला धरून ठेवतो. पूर्ण उतरली तर एका बाजूचं सगळं ओझं एकट्या बाहेरच्यावर जातं. वरच्या उदाहरणात ते २,५०० किलोच्या वर होतं, आणि टायर आहे १,५५० नाहीतर १,७०० किलोचा.

पण त्याहून वाईट असतो तो अर्धवट उतरलेला टायर. काही वर्षांपूर्वी आमची एक गाडी पंधरा दिवसांतून एकदा उजव्या आतल्या टायरमध्ये हवा मागायची. पंक्चर सापडत नव्हतं, म्हणून हवा भरून पुढे चालवत राहिलो. एकदा लांबून गाडी ओढून आणली, उतरलो आणि सवयीने टायरांवर हात ठेवून बघितला. बाहेरचा कोमट होता. आतल्यावर तळवा टेकवणार तोच मागे घ्यावा लागला. दुसऱ्या दिवशी तो रिमवरून काढला आणि उभा करून फिरवला, तर आतून काळी भुकटी पडली, चहापत्तीसारखी, ओंजळभर. आतल्या बाजूला कडेच्या जवळ सगळीकडे सुरकुत्यांचा एक पट्टा उठला होता आणि तिथलं रबर बोटाने सुटत होतं. बाहेरून त्या टायरची नक्षी निम्म्याहून जास्त शिल्लक होती, बाहेरून बघून कोणीही तो ‘चांगला’ म्हणाला असता. दोष निघाला व्हॉल्व्हच्या एक्स्टेन्शनमध्ये, म्हणजे आतल्या टायरची हवा बाहेरून भरता यावी म्हणून व्हॉल्व्हला जोडलेल्या नळीत. त्याची पकड सुटली होती, चाक फिरताना ते हलायचं आणि थोडी थोडी हवा सोडायचं. एवढ्याशा भागापायी आख्खा टायर गेला, आणि रस्त्यात फुटला नाही हे आमचं नशीब.

तुमच्या फुटलेल्या टायरचे तुकडे अजून असतील तर आतली बाजू नक्की बघा. भुकटी, सुरकुत्यांचा पट्टा किंवा निळसर-काळपट रंग दिसला तर तो कमी हवेवर चालून मेलाय. तुमचे व्हॉल्व्ह, एक्स्टेन्शन आणि रिमची कड तपासल्याशिवाय नवा टायर त्या जागी बसवू नका.

ठरलेल्या हवेपेक्षा वीस टक्के किंवा त्याहून जास्त कमी हवेवर चाललेला टायर पंक्चर होऊन चाललेला समजतात. ९५ चा टायर ७६ वर सापडला, तर नुसती हवा भरून पुढे निघायचं नाही. तो काढून आतून बघायचा. ही काळजी फक्त टायर वाचवण्यासाठी नाही. बाजूच्या भिंतीतल्या पोलादी तारा कमी हवेत वाकून वाकून तुटतात, आणि मग हवा भरताना भिंत चेन उघडावी तशी फाटते. त्या स्फोटाने शेजारी उभा असलेला माणूस मरू शकतो. अशा टायरमध्ये हवा भरायची ती पिंजऱ्यात ठेवून, क्लिपवाल्या लांब नळीने, बाजूला उभं राहून. भरताना तडतड आवाज आला किंवा भिंतीला फुगवटा दिसला तर जवळ जायचं नाही, दुरूनच हवा सोडायची. आमच्याकडे नवीन मुलगा कामाला आला की पाना हातात देण्याआधी मी त्याला हे शिकवतो.

हवा किती ठेवायची? कंपनीचा वजन आणि हवेचा तक्ता मिळवा, काट्यावरचं मागच्या एक्सलचं जड वजन चारने भागा, आणि जोडीच्या रकान्यात त्या वजनासमोरची हवा बघा. त्यावर थोडी जास्त ठेवा. दर कामाला हवा कमी-जास्त करणं शक्य नसतं, म्हणून नेहमीच्या सर्वांत जड कामाची हवा धरायची. त्याचा तोटा असा की रिकामी गाडी मागून उडते, ओल्यात पकड कमी होते आणि नक्षी मधोमध जरा जास्त झिजते. तो मी पत्करतो, कारण मधली झीज डोळ्यांना दिसते आणि हळूहळू होते. हवा सकाळी गाडी हलण्याआधी, थंड टायरवर बघायची. गरम टायरमध्ये वाढलेली हवा सोडून द्यायची नाही, तो थंड झाला की कमी पडणार. आतल्या व्हॉल्व्हला चांगल्या प्रतीचं, रिमला पक्कं बांधलेलं एक्स्टेन्शन लावा, म्हणजे रोज बघायचा कंटाळा येणार नाही. चारही टायरांना हवा दाखवणारे सेन्सर बसवता आले तर बसवाच. खोल नक्षीवर जादा पैसे घालण्याआधी मी ते सेन्सरवर घालीन.

आता फक्त आतले दोन बदलायचा विषय. जोडीतले दोन टायर एकाच हबला (चाक ज्यावर बसतं तो भाग) बांधलेले असतात, ते एकाच वेगाने फिरतात. एक उंच आणि एक बुटका असेल तर उंच टायर जास्त ओझं घेतो आणि बुटका रस्त्यावर घासत ओढला जातो. नव्याची नक्षी १२ मिलिमीटर आणि जुन्याची ४ उरली असेल, तर व्यासात १६ मिलिमीटरचा फरक झाला, म्हणजे घेरात सुमारे ५० मिलिमीटर. तुमच्या साइजचा टायर किलोमीटरला चारशेच्या आसपास फेरे घेतो, म्हणजे दर किलोमीटरला वीस मीटरचा फरक. वजनाखाली टायर दबतात म्हणून प्रत्यक्षात तो कमी पडतो, पण घासणं थांबत नाही. या साइजला जोडीतल्या व्यासात ६ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक ठेवायचा नाही.

त्यामुळे तुमच्या बाहेरच्या दोघांची नक्षी मोजा. ती अजून नव्याच्या जवळ असेल आणि ते आतून तपासून निरोगी निघाले, तर ते दोन एका बाजूला जोडीने लावा आणि नवे दोन दुसऱ्या बाजूला. डाव्या-उजव्या बाजूत थोडा फरक डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर) सांभाळून घेतो, पण तोही फार असू नये, नाहीतर तो सतत काम करत राहतो आणि त्याचं तेल तापतं. गाडी चारही चाकांना ताकद देणारी असेल तर पुढच्या-मागच्या टायरांचा घेरही जुळायला हवा. मोजायला महागडं साधन लागत नाही. हवा सारखी भरून, टायर जमिनीपासून वर असताना, नक्षीच्या मधोमध पोलादी टेप गुंडाळून घेर बघा. जोडीत किंचित फरक राहिलाच तर उंच टायर बाहेर लावा, कारण रस्त्याच्या उतारामुळे तिथे ओझं कमी येतं. आणखी एक शंका मनात ठेवा. आतला टायर उतरलेला असताना बाहेरच्याने दोघांचं ओझं वाहिलंय. फुटलेल्या टायरचा जोडीदार बाहेरून कितीही चांगला दिसला, तरी आतून बघितल्याशिवाय मी परत लावत नाही.

दोन टायरांमध्ये अंतर किती राहतं तेही बघा. भरलेल्या गाडीखाली टायर फुगतात आणि कमी हवा असेल तर भिंती एकमेकांना टेकतात. टेकल्या की घासून गरम होतात. मध्ये दगड अडकला तरी तेच. साइज बदलून रुंद टायर टाकायचा मोह होतो, पण रिमचा ऑफसेट (रिमचा मध्य हबला टेकणाऱ्या भागापासून किती दूर ते माप) तितका नसेल तर हे अंतरच संपतं. तुमच्या बाबतीत साइज आहे तीच ठेवा.

नक्षीबद्दल. टोइंगची गाडी सरळ फार कमी चालते. गल्लीत वळते, जागच्या जागी स्टिअरिंग तोडून मागे घेते, फुटपाथला घासते. डबल टायर वळताना आतला आणि बाहेरचा वेगवेगळ्या वर्तुळात फिरू पाहतात आणि दोघेही रस्त्यावर खरवडतात. खोल, मोकळ्या कडांची लग (सुट्या ठोकळ्यांची) नक्षी अशा कामात लवकर फाटते, तिचे ठोकळे हलतात, तापतात, आणि एका बाजूने करवतीसारखे झिजतात. खोल नक्षी म्हणजे जास्त आयुष्य हे डांबरी रस्त्यावरच्या गाडीला नेहमी लागू पडत नाही. डांबरावरच्या कामासाठी मी मागे बंद कडांची, शहरी किंवा प्रादेशिक वापरासाठी बनवलेली, काप आणि तुकडे उडणं सहन करणाऱ्या रबराची नक्षी घेतो. डिझेल वाचवणारे लांब पल्ल्याचे टायर घेऊ नका. त्यांची नक्षी उथळ असते आणि या खरवडण्यात ते टिकत नाहीत. महिन्यातून अनेकदा चिखलात किंवा शेतात उतरून गाड्या काढाव्या लागत असतील तर मात्र मोकळ्या कडांची नक्षी घ्या आणि ती लवकर झिजणार हे धरून चाला. वेगाचं अक्षरही वाचा. ‘एल’ म्हणजे ताशी १२० किलोमीटर, ‘एम’ म्हणजे १३०.

पुढच्या टायरांचं तुम्ही विचारलं नाही, पण वरचा तरफेचा हिशेब आठवा. गाडी उचलली की पुढचं वजन कमी होतं, म्हणजे स्टिअरिंगची आणि पुढच्या ब्रेकची पकडही कमी होते. पुढे सरळ रिब (सलग पट्ट्यांच्या) नक्षीचे, चांगल्या खोलीचे टायर ठेवा. झिजलेले टायर पुढे ‘संपवायला’ लावू नका.

रिमोल्डला माझा सरसकट विरोध नाही. मागच्या एक्सलला, ज्या केसिंगचा इतिहास तुम्हाला ठाऊक आहे असे तुमचेच टायर चांगल्या ठिकाणी रिमोल्ड करून घेतलेत, आणि जोडीत दोन्ही सारखेच लावलेत, तर ते नीट काम देतात. कमी हवेवर चाललेलं केसिंग मात्र रिमोल्डला द्यायचं नाही, म्हणजे तुमचे आत्ताचे आतले दोन बाद. कोणाचं कुठलं केसिंग ठाऊक नाही असे तयार रिमोल्ड मी टोइंगला घेत नाही. पुढे तर रिमोल्ड लावतच नाही.

नवे घेताना बाजूवरचा तारखेचा कोड बघा. शेवटचे चार आकडे ‘२३२४’ असतील तर तो टायर २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय. आपल्या गाड्या तासन्‌तास उन्हात उभ्या असतात, रबर झिजण्याआधी म्हातारं होतं. दुकानात आधीच दोन-तीन वर्षं पडून राहिलेला टायर नको म्हणा. चारही टायर जवळपास एकाच तारखेचे मागा.

बसवताना रिमचे आणि हबचे टेकणारे भाग तारेच्या ब्रशने साफ करून घ्या, गंज किंवा रंगाचा थर मध्ये राहिला की नट ढिले होतात. दोन्ही व्हॉल्व्ह समोरासमोर येतील असं चाक लावा, म्हणजे आतल्यापर्यंत हात पोचतो. नट टॉर्क पान्याने, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मापाला आवळा, आणि पहिल्या ८० ते १५० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. त्याच वेळी गाडी थांबवल्याबरोबर चारही टायरांवर हाताची उलटी बाजू धरून बघा. एखादा बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम लागला तर पुढचं काम घेण्याआधी त्या चाकाची हवा, व्हॉल्व्ह आणि ब्रेक बघा.